दीर्घकालीन वेदना आणि नियंत्रित मादक औषधे

(भोपाळ येथील तुलसी नगरात ग्रामस्थ, शासकीय अधिकारी व शिक्षक यांच्या सभेत एका निवृत्त वैद्यकीय अधिकाऱ्याने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या मराठीत ‘भांगेत तुळस’ असा एक वाक्प्रचार आहे. आजचा प्रसंग मात्र त्याच्या उलट आहे. तुलसी नगरात उभे राहून मला भांग, गांजा आणि अफू यांविषयी बोलावयाचे आहे. विषय ऐकताच काहींच्या भुवया उंचावल्या असतील, आणि ते स्वाभाविकच आहे. या पदार्थांनी अनेक घरे उद्ध्वस्त केली आहेत आणि त्यांची भलामण करण्यासाठी मी येथे आलेलो नाही. माझा विषय वेदना हा आहे. महिनोन् महिने न थांबणारी वेदना शमविण्याची काही द्रव्ये निसर्गाने दिली. ती व्यसनाची साधनेही ठरू शकतात, म्हणून त्यांवर राज्यसंस्थेला नियंत्रण ठेवावे लागते. हे नियंत्रण कसे असावे, ते कोठे उणे पडले आणि आज आपण प्रत्येकाने काय करावे, एवढेच मला सांगावयाचे आहे.

वेदना हाच आजार

काटा रुतला की पाय मागे घेतला जातो. ही वेदना उपकारक आहे, कारण ती शरीराची पहारेकरी होय. परंतु जखम भरल्यावरही जी थांबत नाही, किंवा तीन महिन्यांहून अधिक काळ टिकते अथवा पुनःपुन्हा येते, तिला वैद्यकशास्त्र दीर्घकालीन वेदना म्हणते. अशा वेळी पहारेकरीच घरात धुडगूस घालू लागतो. मज्जारज्जू व मेंदू यांतील संदेशवहनाची यंत्रणा अतिसंवेदनशील बनते आणि साधा स्पर्शही झोंबू लागतो. गुडघ्यांची झीज, कंबरेचे जुने दुखणे, नागीण बरी झाल्यावर मागे राहिलेली आग, मधुमेहामुळे तळपायांना होणारी जळजळ आणि कर्करोगाची वेदना ही याची नेहमीची उदाहरणे होत.

डेम सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर हे आधुनिक शुश्रूषागृह सुरू केले. रोग्याच्या वेदनेस शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आत्मिक अशी चार अंगे असतात, ही त्यांची शिकवण होय. रात्र-रात्र जागणारा रोगी मजुरीला जाऊ शकत नाही, त्याचे कर्ज वाढते, तो घरच्यांवर चिडतो आणि शेवटी आपण ओझे झालो या भावनेने खचतो. म्हणून वेदनेचा उपचार ही चैनीची बाब नाही. तो आरोग्यसेवेचा गाभा आहे.

एका गुरुजींची गोष्ट

हे मला पुस्तकातून कळले असे नाही. नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात मी या राज्यातील एका रुग्णालयात कामाला होतो. तेथे निमाडातील एक निवृत्त प्राथमिक शिक्षक दाखल झाले. जबड्याचा कर्करोग होता आणि तो शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेला होता. आयुष्यभर मुलांना शुद्धलेखन शिकविलेल्या त्या गृहस्थांना आता शब्दही उच्चारता येत नव्हता. ते पाटीवर लिहीत. एके रात्री त्यांनी पाटीवर दोनच शब्द लिहून माझ्यासमोर धरले, “झोप हवी.”

मॉर्फिनच्या थोड्या कुप्या कुलुपबंद कपाटात होत्या. परंतु परवान्याची मुदत संपलेली होती आणि नवा परवाना कोणत्या तरी मेजावर पडून होता. भांडारपालाने नकार दिला. त्यास दोष देऊन मी मोकळा होऊ शकत नाही, कारण मीही आग्रह धरला नाही. नसते लचांड मागे लागेल, ही भीती मलाही होती. आम्ही साध्या वेदनाशामकाची सुई टोचली. तिचा काही उपयोग होणार नाही हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी गुरुजींच्या धाकट्या भावाने कोठून तरी गांजाची पुडी आणली. ती उशाखाली सापडल्यावर मी त्यांना फैलावर घेतले. तेव्हा गुरुजींचा मुलगा मला म्हणाला, “डॉक्टरसाहेब, काकांचं चुकलं. पण तिकडे नीमच-मंदसौरला सरकारच अफू पिकवून घेतं म्हणतात. मग तिचं औषध माझ्या दादांना का मिळत नाही?”

मी उत्तर दिले नाही. अकराव्या दिवशी गुरुजी गेले. आपण कायदा पाळला, असे मी पुढे बरीच वर्षे स्वतःस सांगत राहिलो. आजचे भाषण म्हणजे त्या मुलाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

आपल्याच भूमीतील वनस्पती

अफू आणि भांग या दोन्ही वनस्पती आपल्या प्रदेशाला परक्या नाहीत. आपण स्वयंपाकात वापरतो ती खसखस म्हणजे अफूच्या बोंडातील बी होय. त्याच हिरव्या बोंडास चिरा दिल्यावर जो चीक पाझरतो, ती अफू. आणि तिच्यापासून मॉर्फिन व कोडीन ही औषधे मिळतात. मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश या तीन राज्यांतील ठरावीक भागांतच, केंद्र शासनाचा परवाना घेतलेल्या शेतकऱ्यांना हे पीक घेता येते. ग्वाल्हेर येथे मुख्यालय असलेला केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरो लागवडीवर देखरेख करतो. शेतकऱ्याने सर्व चीक शासनासच द्यावयाचा असतो. तो नीमच आणि गाझीपूर येथील शासकीय अफू व अल्कलॉइड कारखान्यांत जातो. म्हणजे मादक वनस्पतीची औषधासाठी नियंत्रित लागवड ही गोष्ट आपल्या राज्यात पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे.

भांगेच्या झाडाचा इतिहासही असाच आहे. त्याच्या पानांपासून भांग, फुलोऱ्यापासून गांजा आणि राळेपासून चरस तयार होतो. आयुर्वेदात या वनस्पतीस विजया म्हणतात, आणि अनेक वनस्पतींप्रमाणे तिचाही वापर शोधन करून, मात्रा ठरवून करण्याचा दंडक आहे. जातीफलादी चूर्णासारख्या औषधांत ती आजही घटक आहे. आधुनिक वैद्यकाला तिचा परिचय करून देण्याचे श्रेय कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील विल्यम ओशॉनेसी या आयरिश डॉक्टरकडे जाते. त्यांनी १८३९ मध्ये संधिवात, धनुर्वात इत्यादी विकारांवरील आपले अनुभव प्रसिद्ध केले. त्यानंतर पाश्चात्त्य देशांत हे औषध अनेक दशके वापरात होते. परंतु त्याची तीव्रता दर खेपेस निराळी असे. एका बाटलीने गुण येई, तर दुसरीने रोगी बेशुद्ध होई. पुढे नेमक्या मात्रेची नवी औषधे आली, निर्बंधही वाढले आणि १९३२ मध्ये ब्रिटिश व १९४२ मध्ये अमेरिकन औषधसंहितेतून ते वगळले गेले.

गुरुजींच्या निमाडाचाही या इतिहासात भाग आहे. ब्रिटिश काळात मध्य प्रांतातील गांजाची परवानाबद्ध लागवड निमाड जिल्ह्यात, खांडव्याच्या परिसरात होत असे. मुंबई इलाख्यात अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, हा जिल्हा त्यासाठी प्रसिद्ध होता. गांजाने लोक वेडे होतात, असा आक्षेप ब्रिटिश संसदेत घेतला गेल्यावर १८९३ मध्ये शासनाने एक आयोग नेमला. त्याने देशभर फिरून १,१९३ साक्षी नोंदविल्या आणि १८९४ मध्ये अहवाल दिला. माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, अतिसेवन मात्र शरीर व मन यांस बाधक ठरते. सबब सरसकट बंदी घालण्याऐवजी परवाना, कर आणि देखरेख यांच्याद्वारे नियंत्रण ठेवावे, असा त्याचा निष्कर्ष होता. त्या आयोगास आजचे शास्त्र उपलब्ध नव्हते. म्हणून त्याचा अहवाल आज प्रमाण मानता येणार नाही. तथापि प्रश्नाचा निर्णय पुराव्यावरून करावा, ही त्याची पद्धत अनुकरणीय आहे.

कायदा काय म्हणतो

१९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर आपला देश स्वाक्षरीकर्ता आहे. या करारास दोन बाजू आहेत. मादक द्रव्यांचा दुरुपयोग रोखावा ही एक. आणि वेदनाशमनासाठी ती द्रव्ये अपरिहार्य असल्याने त्यांची पुरेशी उपलब्धता करावी ही दुसरी. आपला मादक औषधे व मनःप्रभावी पदार्थ अधिनियम १९८५ च्या नोव्हेंबरात अमलात आला. त्याच्या आठव्या कलमातही वैद्यकीय व शास्त्रीय प्रयोजनांचा अपवाद स्पष्ट आहे. परंतु व्यवहारात पहिलीच बाजू बलवान झाली. कठोर शिक्षेच्या भीतीने औषध विक्रेत्यांनी व रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. काही राज्यांत एका खरेदीसाठी चार-पाच निरनिराळे परवाने लागत आणि शेवटचा मिळेपर्यंत पहिल्याची मुदत संपे. परिणामी १९८५ ते १९९७ या बारा वर्षांत देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घटला. गुरुजींच्या उशाशी उभा असलेला मी एकटाच भित्रा नव्हतो, हे ही संख्या सांगते. परंतु त्यामुळे माझा भित्रेपणा क्षम्य ठरत नाही.

ही चूक दुरुस्त करण्यासाठी २०१४ मध्ये संसदेने अधिनियमात सुधारणा केली. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधे ‘अत्यावश्यक मादक औषधे’ म्हणून अधिसूचित झाली. त्यांसाठी देशभर एकच नियमावली लागू झाली. राज्याच्या औषध नियंत्रकाने एकदा ‘मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था’ म्हणून मान्यता दिली की, त्या रुग्णालयास निरनिराळ्या खात्यांचे वेगवेगळे परवाने मागत फिरण्याचे कारण उरत नाही. प्रशिक्षित डॉक्टर असावा, साठ्याची व रुग्णाची नोंद ठेवावी, वार्षिक अंदाज व विवरण सादर करावे, एवढ्या अटी आहेत.

भांगेच्या झाडाविषयी स्थिती थोडी निराळी असून, ग्रामस्थांनी ती नीट समजून घ्यावी. अधिनियमाच्या व्याख्येत फुलोरा, म्हणजे गांजा, आणि राळ, म्हणजे चरस, येतात. फुलोऱ्याविना असलेली पाने व बी येत नाहीत. त्यामुळे भांगेचे नियमन राज्यांच्या कायद्यांवर अवलंबून आहे. मध्य प्रदेशात अबकारी खात्याच्या परवान्याने भांगेची दुकाने चालत आली आहेत. महाराष्ट्रात तिच्यावर १९४९ च्या दारूबंदी कायद्याचे निर्बंध आहेत. परंतु परवान्याविना झाड लावणे हा दोन्ही राज्यांत गुन्हा आहे आणि त्यास दहा वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. ‘औषधासाठी परसात एक रोप लावले’ हे म्हणणे न्यायालयात टिकणार नाही. दहाव्या कलमान्वये राज्य शासनास अशा लागवडीची परवानगी देण्याचा अधिकार आहे; तो अधिकार शासनाचा आहे, व्यक्तीचा नव्हे.

इतर देशांतील व्यवस्था

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९९६ मध्ये सार्वमताने गांजाच्या वैद्यकीय उपयोगास परवानगी दिली. पुढे तेथील बहुसंख्य राज्यांनी तोच मार्ग स्वीकारला. सर्वसाधारण पद्धत अशी: कायद्याने काही आजार निश्चित केलेले असतात, डॉक्टर रुग्णाची तपासणी करून प्रमाणपत्र देतो, राज्याचे खाते त्याची नोंदणी करून ओळखपत्र देते, आणि परवानाप्राप्त केंद्रातून त्यास ठरावीक मर्यादेत माल मिळतो. मालाची प्रयोगशाळेत तपासणी होऊन घटकांचे प्रमाण वेष्टनावर छापले जाते. नोंदणीसाठी रुग्णांनी दिलेल्या कारणांत दीर्घकालीन वेदना हे सर्वांत मोठे कारण आहे. कॅनडाने २००१ मध्ये, जर्मनीने २०१७ मध्ये आणि ब्रिटनने २०१८ मध्ये आपापल्या परीने वैद्यकीय उपयोगाची दारे उघडली. २०२० च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने हे द्रव्य सर्वांत कडक अनुसूचीतून २७ विरुद्ध २५ मतांनी वगळले. भारताने वगळण्याच्या बाजूने मत दिले.

आपल्या देशात उत्तराखंडाने २०१८ पासून धाग्यासाठी सौम्य जातीच्या लागवडीस परवाने दिले. हिमाचल प्रदेशाच्या विधानसभेने २०२४ मध्ये औद्योगिक व औषधी उपयोगासाठी नियंत्रित लागवडीच्या बाजूने ठराव केला. जम्मू येथील केंद्रीय संशोधन संस्थेत संरक्षित क्षेत्रात झाडे वाढवून, कर्करोगाच्या वेदना व फेफरे यांसाठी औषधे तयार करण्याचे संशोधन हाती घेण्यात आले. ही सारी पावले संशोधनाची व लागवडीची आहेत. अमेरिकेतील राज्यांसारखी, नोंदणीकृत रुग्णास गांजा पुरविणारी योजना म्हणून त्यांकडे पाहू नये.

गुण किती, दोष किती

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. या वनस्पतीने वेदना खरोखर कमी होते काय? १९६४ मध्ये इस्रायलमधील राफाएल मेशुलम व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यातील नशा आणणारा मुख्य घटक, टीएचसी, शुद्ध स्वरूपात वेगळा केला. पुढे असे आढळले की, त्या घटकास प्रतिसाद देणारी ग्राहके आपल्या मज्जासंस्थेत मुळातच आहेत आणि शरीर स्वतःही तत्सम द्रव्य निर्माण करते. १९९२ मध्ये सापडलेल्या अशा एका द्रव्यास शास्त्रज्ञांनी आपल्या ‘आनंद’ या संस्कृत शब्दावरून आनंदामाइड हे नाव दिले. दुसरा घटक, सीबीडी, नशा आणीत नाही. त्याचे शुद्ध औषध २०१८ मध्ये अमेरिकेत मुलांच्या दोन दुर्धर फेफऱ्यांच्या विकारांवर मान्य झाले. परंतु ती मान्यता फेफऱ्यासाठी आहे, वेदनेसाठी नव्हे, हे लक्षात ठेवावे.

वेदनेबाबत तज्ज्ञांत एकमत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमीने २०१७ च्या अहवालात, प्रौढांच्या दीर्घकालीन वेदनेवर उपयोग होतो असा भरीव पुरावा असल्याचे म्हटले. ब्रिटनच्या शासकीय मार्गदर्शक संस्थेने २०१९ मध्ये मात्र दीर्घकालीन वेदनेसाठी ते देऊ नये अशी शिफारस केली. आणि वेदनेच्या अभ्यासासाठी असलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये, उपलब्ध पुरावा अपुरा असल्याने आपण त्यास पाठिंबा देऊ शकत नाही, असे जाहीर केले. या मतांचा मेळ असा घालता येईल: मज्जातंतूंच्या काही वेदनांत काही रुग्णांना थोडा आराम पडतो, सर्वांना नाही आणि फार मोठाही नाही. उलट चक्कर, गुंगी, विसराळूपणा हे त्रास नित्याचे आहेत. तरुण वयात व ज्यांच्या घराण्यात मनोविकार आहे त्यांच्यात उन्मादाचा धोका वाढतो. गरोदर स्त्रियांनी ते पूर्णपणे वर्ज्य करावे. सेवन करून वाहन वा ट्रॅक्टर चालविणे म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळ होय.

अफूजन्य औषधांचे पारडे कर्करोगाच्या वेदनेत याहून फार जड आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये वेदनाशमनाची तीन पायऱ्यांची शिडी सांगितली. साध्या औषधापासून आरंभ करावा, न भागल्यास सौम्य अफूजन्य औषध द्यावे आणि तीव्र वेदनेत मॉर्फिन द्यावे. मॉर्फिनची गोळी तोंडाने, घड्याळाप्रमाणे, योग्य मात्रेत दिली असता रुग्ण नशेबाज होत नाही, की त्याचा मृत्यू लवकर ओढवत नाही. तो झोपतो, दोन घास खातो, घरच्यांशी बोलतो. बद्धकोष्ठ होतो, म्हणून सोबत रेचक द्यावे लागते. तथापि गुडघेदुखी, कंबरदुखी यांसारख्या जुन्या दुखण्यांत हीच औषधे फार जपून द्यावी लागतात. अमेरिकेत नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धापासून, कंपन्यांच्या प्रचाराला भुलून ती सढळ हाताने वाटली गेली आणि व्यसन व अतिमात्रेने असंख्य मृत्यू झाले. म्हणजे एका देशाने दार सताड उघडून माणसे गमावली आणि आपण ते घट्ट लावून माणसांना तळमळत ठेवले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लॅन्सेट आयोगाच्या अहवालानुसार, भारतात गरजेच्या अवघे ४ टक्के अफूजन्य वेदनाशामक रुग्णांपर्यंत पोहोचत होते. अफू पिकविणाऱ्या देशास हे भूषणावह नाही.

केरळचा दाखला

यातून मार्ग निघतो, हे केरळने दाखविले. १९९३ मध्ये कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशमन व उपशामक सेवेची एक संस्था उभी केली. पुढे गावोगावचे स्वयंसेवक, परिचारिका आणि ग्रामपंचायती या कार्यात आल्या. २००८ मध्ये त्या राज्याने उपशामक सेवेचे स्वतंत्र धोरण जाहीर केले. परिचारिका घरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची जखम धुते आणि औषध देते, तर शेजारी आळीपाळीने सोबत बसतात. महाराष्ट्रातही मुंबईचे शांती अवेदना सदन १९८६ पासून हे व्रत चालवीत आले आहे. केंद्र शासनाने २०१२ मध्ये राष्ट्रीय उपशामक सेवा कार्यक्रम आखला. कायदा आहे, कार्यक्रम आहे, कच्चा माल आपल्याच शेतात आहे. उणीव आहे ती या तिन्ही गोष्टी रुग्णाच्या खाटेपर्यंत नेणाऱ्या माणसांची.

आपण काय करावे

प्रथम ग्रामस्थांना सांगतो. वेदना सोसण्यात पुरुषार्थ नाही. दुखणे किती आहे, केव्हा वाढते, झोप लागते की नाही, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. भांग, गांजा वा अफूची बोंडे घेत असाल तर तेही लपवू नका. इतर औषधांबरोबर त्यांचा अनिष्ट परिणाम होऊ शकतो. बाजारात ‘सर्व दुखण्यांवर रामबाण’ म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते. चार दिवस बरे वाटते आणि पुढे हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते. दुकानातून वेदनाशामक गोळ्या परस्पर घेऊन वर्षानुवर्षे खाल्ल्याने मूत्रपिंडे निकामी होतात. विजयायुक्त आयुर्वेदिक औषध घ्यावयाचे तर ते नोंदणीकृत वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावे व वेष्टनावरील परवाना क्रमांक पाहावा. विजया ही कायद्याने विषारी द्रव्यांच्या यादीत आहे, हे विसरू नये. आणि नियमित चालणे, शेक, व्यायाम, मज्जातंतूंच्या वेदनेवरील साधी व स्वस्त औषधे यांनी पुष्कळांचे भागते; त्यांस गांजाची वा अफूची गरजच पडत नाही.

शिक्षकांना माझी विनंती अशी की, विद्यार्थ्यांना ‘मादक पदार्थ वाईट’ एवढेच सांगून थांबू नका. तीच वस्तू कोणाच्या हाती, कोणत्या मात्रेत आणि कशासाठी आहे यावरून तिचे औषध किंवा विष ठरते, हे त्यांना पटवा. परदेशात गांजा मान्य झाला, सबब तो निरुपद्रवी आहे, असा समज तरुणांत पसरतो आहे. तेथील रुग्णयोजना आणि येथील चिलीम यांतील भेद तुम्हीच त्यांना समजावून देऊ शकता.

अधिकारी बांधवांना मी अधिक मोकळेपणाने सांगतो, कारण मी त्यांच्यातलाच आहे. प्रत्येक जिल्हा रुग्णालयास मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेचा दर्जा मिळाला आहे काय, एक तरी डॉक्टर व परिचारिका प्रशिक्षित आहे काय, मॉर्फिनच्या गोळ्या प्रत्यक्ष कपाटात आहेत काय आणि त्या कपाटाची किल्ली रात्री कोणाकडे असते, हे चार प्रश्न तपासणीच्या वेळी अवश्य विचारा. नोंदवहीत एक गोळी कमी भरली तर आपण जाब विचारतो. रुग्ण रात्रभर तळमळला तर मात्र कोठेच नोंद होत नाही. ती नोंदही झाली पाहिजे. आणि उद्या एखाद्या राज्याने वैद्यकीय गांजाची योजना आखावयाचे ठरविले, तर प्रथम शास्त्रीय चाचण्या, मग प्रमाणित मात्रा, मग प्रशिक्षित डॉक्टर आणि शेवटी परवाने, हा क्रम राखावा. महसुलाच्या आशेने हा क्रम उलटा केला, तर औषधाच्या नावाखाली दुकाने उघडतील आणि रुग्ण रांगेच्या शेवटीच उभा राहील.

भोपाळकरांना वेदनेचे महत्त्व मी सांगावे असे नाही. १९८४ च्या डिसेंबरातील त्या रात्रीनंतर या शहरातील हजारो कुटुंबांनी, न संपणारे दुखणे म्हणजे काय हे घरातच पाहिले आहे. जखमेची भरपाई पैशाने मोजली जाते. वेदनेचे मात्र मोजमाप नाही, आणि म्हणून ती हिशेबातून सुटते.

गुरुजींची पाटी त्यांच्या मुलाने मला दिली होती. त्या दोन शब्दांवर मी ओले फडके फिरविलेले नाही. त्या मुलाचा प्रश्न होता, अफू येथे पिकते तर औषध येथे का मिळत नाही. आज त्याचे उत्तर असे की, आता ते कायद्याने मिळू शकते. ते प्रत्यक्ष मिळते की नाही, हे या सभागृहात बसलेल्या आपणा सर्वांवर अवलंबून आहे. आपल्या गावात, आपल्या गल्लीत असा एखादा रुग्ण असेल तर उद्या सकाळी त्याच्या घरी जा, त्याला रात्री झोप लागली काय हे विचारा, आणि लागली नसेल तर त्याच्या नातेवाइकाला घेऊन जिल्हा रुग्णालयाची पायरी चढा. तेथे कोणी टोलवाटोलवी केली, तर आज ऐकलेला कायदा त्यांना शांतपणे सांगा.



जय हिंद.